कुर्ल्याची ३३२ : बस चांगली आहे, पण ड्रायव्हरकडे कोण बघतंय?

नऊ वर्षं झाली मी कुर्ला वेस्टहून मरोळला ऑफिसला जातेय. सुरुवातीचं दीडेक वर्ष शेअर रिक्षा, मग बेस्टची ३३२, म्हणजे कुर्ला स्टेशन ते अंधेरीचा आगरकर चौक, आणि ती जी धरली ती आजपर्यंत सोडलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात याच रूटच्या बसचा मोठा अपघात झाला, त्यानंतर ऑफिसमधल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं की तू अजून त्याच बसने येतेस का गं, भीती नाही वाटत का, आणि प्रत्येक वेळी मी एका वाक्यात काहीतरी उत्तर देऊन विषय बदलला. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते, बस कशी आहे, पैसे किती पडतात, आणि ज्यांनी तिच्यावर लक्ष ठेवायचं ते नक्की कशावर लक्ष ठेवतात, कारण माझ्या मते पहिले दोन प्रश्न सोपे आहेत आणि सगळं घोडं तिसऱ्यात अडलंय.

आधी बस. आता या रूटवर मला बहुतेक वेळा एसी इलेक्ट्रिक मिळते, १२ मीटरची, लांबलचक. आवाज नाही, धूर नाही, खालचा दणका नाही. मे महिन्यात जरीमरीपासून सफेद पुलापर्यंत ट्रॅफिकमधे अर्धा तास उभं राहायची वेळ आली की एसीची किंमत कळते, खरंच सांगते. जुन्या डिझेल बसमधे इंजिनजवळच्या सीटवर बसलं की पाय भाजायचे आणि घरी गेल्यावर केसांना धुराचा वास, ते सगळं गेलं. चढायला पायरी खाली आहे त्यामुळे माझ्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सुद्धा एकट्या चढू शकल्या, त्यांना रिक्षात बसताना जास्त त्रास व्हायचा. चलो ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, स्टॉपवर जाऊन रस्त्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही, मी चहा ठेवते, ॲप बघते, बस सुटली की चप्पल घालते.

आणि कंडक्टर. कुणी म्हातारं माणूस धावत येताना दिसलं की घंटी न देता थांबणारे कंडक्टर मी याच रूटवर कितीतरी वेळा पाहिलेत. एकदा रात्री साडेदहाला मी एकटीच बाई उरले होते बसमधे, सगळे साकीनाक्याला उतरले, तर कंडक्टर मागून उठून पुढच्या सीटजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, स्टेशनपर्यंत आहे मी इथे, निवांत बसा." हे कुठल्या ॲपवर मिळत नाही. मुंबईत लोकल बंद पडली, पाणी तुंबलं की माणूस आधी काय शोधतो, लाल बसच ना.

पैशाचं बोलायचं तर ९ मे २०२५ पासून भाडं वाढलं. त्याआधी जुलै २०१९ मधे कमी केलं होतं, साधी बस ५ रुपये आणि एसी ६ रुपये पहिल्या पाच किलोमीटरला, तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता. आता तेच १० आणि १२. माझा प्रवास दहा किलोमीटरच्या आतला, म्हणजे एसीला आधी १३ द्यायचे आता २०, जाऊन येऊन २६ चे ४० झाले, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेतीनशे रुपये जास्त. मला झेपतात, पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी मरोळला दोन घरी पोळ्या करतात, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस अर्धं अंतर चालायला सुरुवात केली, हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. तरी रिक्षाशी तुलना केली तर बस स्वस्तच आहे, रिक्षाचं मीटर १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपयांनी सुरू होतं, दीड किलोमीटरला. शेअर रिक्षात तर मी त्या दीड वर्षात चौथ्या सीटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर लटकणारी माणसं रोज पाहिली, एकदा वळणावर माझ्याच रिक्षातला एक मुलगा खाली पडला, खरचटण्यावर निभावलं, रिक्षावाला थांबला नाही. बस धरली ती त्या दिवसापासून. मेट्रोने जायचं तर आधी लोकलने घाटकोपर, मग ते ब्रिजवरचे लोंढे, मग मरोळ नाका. वेळ वाचतो पण जीव नकोसा होतो.

तर बसला आणि कंडक्टरला माझ्याकडून पूर्ण मार्क. आता मूळ मुद्दा.

९ डिसेंबरच्या त्या रात्री मी कुर्ल्यात नव्हते, बहिणीकडे डोंबिवलीला होते. साडेनऊच्या पुढे फोन सुरू झाले, तू कुठेस, घरी आहेस ना, बसमधे नाहीस ना. ३३२ ची इलेक्ट्रिक बस स्टेशनकडून निघून एस. जी. बर्वे मार्गावर सुसाट गेली, माणसांना, रिक्षांना, गाड्यांना उडवत गेली आणि शेवटी एका सोसायटीच्या भिंतीला आपटून थांबली. ९ माणसं गेली, चाळीसच्या वर जखमी. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, संध्याकाळी स्टेशनमधून बाहेर पडलेला माणूस तिथे चालत नाही, गर्दी त्याला पुढे नेते, एका बाजूला भाजीवाले, दुसऱ्या बाजूला रिक्षांची लाईन, मधे बस. फुटपाथ आहे पण चालायला नाही. माझी मुलगी क्लासहून त्याच रस्त्याने येते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, ब्रेक फेल. पण आरटीओने बस तपासली तर ब्रेक चालू होते. गाडी नवी होती, त्याच वर्षी रजिस्टर झालेली. मग हळूहळू बाहेर आलं की ड्रायव्हर आधी लहान मिनी बस चालवायचा, गिअरवाली, आणि ही मोठी इलेक्ट्रिक, बिनगिअरची, त्याच्या हातात येऊन दहा दिवस सुद्धा झाले नव्हते. ट्रेनिंग किती, तर मोजके काही दिवस. पोलिसांचा सुरुवातीचा अंदाज हाच होता की ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला गेला असावा.

हे वाचल्यावर मी एक सवय लावून घेतली. बसमधे चढताना गर्दी नसेल तर ड्रायव्हरना विचारते, दादा ही गाडी किती दिवस चालवताय. बहुतेक जण हसून सांगतात, एक वर्ष, दोन वर्षं. एक वयस्क ड्रायव्हर होते, त्यांनी सिग्नलला थांबल्यावर नीट समजावून सांगितलं. म्हणाले, "ताई, वीस वर्षं डिझेल चालवली, पहिला आठवडा माझा डावा पाय नुसता क्लच शोधत होता. या गाडीत डाव्या पायाला कामच नाही. आणि उजवा पाय जरा दाबला की गाडी लगेच उचलते, डिझेलसारखी विचार करत बसत नाही." मग मी थोडं वाचलं त्याबद्दल. क्लचच्या गाडीत माणूस घाबरला की सवयीने दोन्ही पाय दाबतो, क्लच आणि ब्रेक, म्हणजे इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी थांबते. इलेक्ट्रिकमधे क्लचच नाही, एकच पाय दोन पेडलवर फिरतो, त्यात पाय उचलला की मोटरच गाडीला मागे ओढते म्हणून ब्रेक कमी वापरायची सवय लागते, आणि मोटरची ताकद तर सुरुवातीपासूनच पूर्ण असते. म्हणजे घाबरलेल्या माणसाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला तर त्याला सावरायला काही मिळत नाही, त्यात तो जितका घाबरेल तितका जोरात दाबेल. गाडीत दोष आहे असं मी म्हणत नाही, जगभर अशा बस चालतात. पण ही गाडी नव्याने शिकावी लागते, वीस वर्षांचा अनुभव असला तरी शिकावी लागते, एवढं तर कुणालाही पटेल.

मग प्रश्न असा की तो शिकलाय की नाही हे बघणारं कोण.

मी एमपरिवहन ॲप घेतलं. ते खरंच चांगलं आहे, ज्यांच्याकडे नसेल त्यांनी घ्या. बसचा नंबर टाका, गाडी कधी रजिस्टर झाली, फिटनेस कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स कधीपर्यंत, सगळं मिनिटात दिसतं. मुलीच्या स्कूल व्हॅनचं मी याच्यावरच बघितलं होतं, फिटनेस संपून चार महिने झाले होते, व्हॅनवाल्या काकांना दाखवलं तर आधी चिडले मग पंधरा दिवसांत करून आणलं. ज्या बसने मी जाते त्यांचे नंबर अधूनमधून टाकून बघते, आजवर एकाही बसचं काही संपलेलं दिसलेलं नाही. पण बघा ना, त्या ९ डिसेंबरच्या बसचा नंबर आदल्या दिवशी मी टाकला असता तरी सगळं व्यवस्थितच दिसलं असतं. नवी गाडी, कागद पूर्ण, ब्रेक चालू. सरकारने जे जे बघायचं ठरवलंय त्या सगळ्यात ती बस पास होती आणि तरी ९ माणसं मेली. मला झोप लागत नाही ती या गोष्टीने.

कायद्यात गाडीची तपासणी नेमाने आहे, व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. नव्या सार्वजनिक गाड्यांना २०१९ पासून जीपीएसचं ट्रॅकिंग आणि पॅनिक बटण सक्तीचं. हे सगळं गाडीचं झालं. ड्रायव्हरचं काय, तर लायसन्स. व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आणि लायसन्समधे एक चीड येईल अशी गोष्ट आहे, आपल्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीला गिअरवाली आणि बिनगिअरची अशी दोन वेगळी लायसन्सं आहेत, म्हणजे माझ्या भाच्याने स्कूटरच्या लायसन्सवर बाईक चालवली तर तो गुन्हा. पण मिनी बसवरून १२ मीटरच्या इलेक्ट्रिक बसवर यायला वेगळं लायसन्स नाही, वेगळी परीक्षा नाही. साठ माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीला जो विचार लागू नाही तो स्कूटरला आहे. कायदा १९८८ चा आहे, २०१९ मधे मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले, हेल्मेटचे, सिग्नलचे, पण हे तसंच राहिलं.

मग उरतं ट्रेनिंग, आणि ते कुणाच्या हातात आहे हे समजून घेतलं तर सगळा घोळ कळतो. ३३२ ची ती बस बेस्टच्या मालकीची नव्हती. २०१९ च्या आसपासपासून बेस्टने भाड्याने बस घ्यायला सुरुवात केली, वेट लीज म्हणतात त्याला. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मेंटेनन्स ठेकेदाराचा, कंडक्टर आणि रूट बेस्टचा, आणि बेस्ट ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे देणार. आपण स्टॉपवर उभं राहून हात करतो तो लाल रंग बघून, बेस्टचं नाव बघून. स्टिअरिंगवर बसलेला माणूस बेस्टचा नाही हे निम्म्या लोकांना माहीत नसतं, मला स्वतःला ऑगस्ट २०२३ मधे कळलं, जेव्हा भाड्याच्या बसचे ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले आणि आठवडाभर स्टॉपवर माणसांचे ढीग लागले. तेव्हा पेपरमधे वाचलं की एकाच रूटवर, एकाच रस्त्यावर, एकाच ट्रॅफिकमधे बस चालवणाऱ्या बेस्टच्या ड्रायव्हरचा पगार आणि यांचा पगार यात किती फरक आहे. ज्याला किलोमीटरवर पैसे मिळतात त्या मालकाला बस डेपोत उभी राहिलेली परवडत नाही, ड्रायव्हर आठ-पंधरा दिवस नुसता शिकत राहिलेला तर त्याहून परवडत नाही. मालक वाईटच असतो असं नाही, हिशोबच तसा मांडलेला आहे, आणि असा हिशोब जो मांडतो त्यानेच ट्रेनिंगची खात्री करून घ्यायला हवी ना.

माझे एक मामा बेस्टमधे ड्रायव्हर होते, आता नाहीत ते. ते सांगायचे, भरती झाल्यावर लगेच बस हातात मिळायची नाही, आधी रिकामी बस, मग बाजूला जुना ड्रायव्हर बसवून, तो जोवर हो म्हणत नाही तोवर पॅसेंजर नाही. आणि नवा रूट मिळाला की पहिले काही दिवस त्या रूटवर नुसतं बसून जायचं, कुठे शाळा सुटते, कुठे उतार आहे, कुठे गुरं बसतात. मामांना त्या सगळ्याचा अभिमान होता, खाकी युनिफॉर्म स्वतः इस्त्री करायचे. ही पद्धत कुणी परदेशातून आणायची नाहीये, आपल्याच शहरात होती. बेस्टचं दिंडोशीला ट्रेनिंग सेंटर आहे, पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे, १९६७ पासून, तिथे बस ड्रायव्हरना शिकवायचीच सोय आहे. म्हणजे जागा आहेत, शिकवणारे आहेत. फक्त ठेकेदाराच्या ड्रायव्हरला तिथून पास झाल्याशिवाय बसची किल्ली द्यायची नाही एवढं काटेकोरपणे पाळायचं.

बेस्टकडे एके काळी साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. २०१९ मधे कामगार संघटनेबरोबर करार झाला की स्वतःच्या ३३३७ बस ठेवायच्या. आज स्वतःच्या हजारही नाहीत, बाकीच्या भाड्याच्या, आणि सगळ्या मिळून सुद्धा तीन हजार भरत नाहीत. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली होती या शहरात, ट्राम १९६४ ला बंद झाली तरी बस राहिली, शंभर वर्षांची ही गोष्ट आहे आणि तिला आपण अशी पातळ करत आणलीय. बस कमी म्हणून गर्दी जास्त, गर्दी जास्त म्हणून घाई जास्त, घाईत स्टॉपच्या पुढे-मागे बस थांबते, माणूस रस्त्याच्या मधे उतरतो. सेफ्टी म्हणून वेगळा विषय नसतोच, तो इथूनच सुरू होतो.

आता लक्ष ठेवणारे. माझ्यासारख्या माणसाने समजून घ्यायचं म्हटलं तर असं आहे: लायसन्स आणि फिटनेस आरटीओकडे, भाडं मंजूर करायचं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाकडे, बस चालवायची बेस्टकडे, बेस्टला पैसे द्यायचे महापालिकेने, फुटपाथ आणि फेरीवाले पण महापालिकेकडे, सिग्नल आणि दंड ट्रॅफिक पोलिसांकडे, आणि बेस्टचा मुख्य अधिकारी नेमायचा राज्य सरकारने. प्रत्येकाकडे एक एक तुकडा. ठेकेदार म्हणणार लायसन्स आरटीओने दिलंय, आरटीओ म्हणणार गाडी फिट आहे, बेस्ट म्हणणार ड्रायव्हर आमचा नाही. सगळे आपापल्या जागी खरं बोलतात आणि त्या सगळ्या खऱ्याच्या मधून माझ्या मुलीच्या रस्त्यावर बस येते.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, पूर्वी बेस्ट समिती होती, नगरसेवकांची. तिथे भांडणं व्हायची, वेळ जायचा, मान्य, पण बसचा प्रश्न कुणीतरी निवडून आलेला माणूस उभा राहून विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात यायचा. मार्च २०२२ मधे महापालिकेची मुदत संपली, जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही, तोवर समिती पण नव्हती. डिसेंबर २०२४ ला अपघात झाला तेव्हा बेस्टला जाहीरपणे प्रश्न विचारायला शहराने निवडून दिलेलं एकही माणूस त्या टेबलावर नव्हतं. भाडं वाढलं तेव्हाही नव्हतं. मी राजकारणातली नाही, कुठल्या पक्षाची बाजू घ्यायला हे लिहीत नाहीये, पण ज्या बसने रोज लाखो माणसं जातात तिच्याकडे बघणारी खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी ठेवली हे कुणालाच खटकलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

रोड सेफ्टीचं जे सरकारी काम चालतं ते बरंचसं हायवेचं असतं. ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे, राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट, मग इंजिनिअर येतात, वळण बदलतात, बोर्ड लावतात. चांगलंच आहे, आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात हायवेचा वाटा मोठा आहे. पण मुंबईत मरणारा माणूस बहुतेक वेळा चालणारा असतो नाहीतर टू-व्हीलरवरचा. स्टेशनबाहेरच्या गल्लीत पाचशे मीटर मोजायला कोण येणार? तिथे तीन वर्षं मृत्यू मोजत थांबायची पण गरज नाही, संध्याकाळी सातला दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

तक्रारीचं पण सांगते कारण लोक म्हणतात तक्रार करा, ॲप आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात नणंदेकडे गेले होते, शहराचं नाव घेत नाही, तिथल्या सिटी बसमधे ड्रायव्हर एका हाताने मोबाईलवर बोलत पुलावरून बस नेत होता, तीन-चार मिनिटं सलग. मी बसचा नंबर, वेळ, रूट सगळं लिहून तक्रार टाकली. दोन दिवसांनी मेसेज, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. फोन करून विचारलं काय केलंत, तर समोरच्या बाई गोड बोलल्या पण त्यांना स्क्रीनवर फक्त "क्लोज्ड" दिसत होतं. ड्रायव्हरला समज दिली का, दंड केला का, त्याला पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं का, काही नाही. तक्रारीचा आकडा बंद झाला की काम झालं असं ज्या व्यवस्थेत धरतात तिथे तक्रार करणारा माणूस दुसऱ्यांदा करत नाही, मीही केली नाही आणि ते माझं चुकलं.

माझी मागणी फार मोठी नाही. बसमधे ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर जाहिराती लागतात, तिथे एक छोटा बोर्ड लावा. ड्रायव्हरचं नाव नको, त्याला त्रास नको, फक्त बॅज नंबर, या प्रकारच्या गाडीचं ट्रेनिंग किती दिवस झालं, कुठल्या तारखेला पास झाला, पास कुणी केलं. गाडीच्या फिटनेसची तारीख जशी मला फोनवर दिसते तशी ही तारीख बसमधे दिसू दे. आणि पास करणारा ठेकेदाराचा माणूस नको, बेस्टचा नाहीतर आरटीओचा हवा, सही करणारा हवा, म्हणजे उद्या काही झालं तर ती सही कुणाची हे विचारता येईल. आज ९ डिसेंबरचा सगळा भार एका ड्रायव्हरवर पडलाय, त्याची चूक असेल तर कोर्ट ठरवेल, पण त्याला दहा दिवसांत त्या सीटवर बसवणाऱ्या कागदावर पण कुणाची तरी सही असणारच ना. मला ती सही बघायचीय.

ड्रायव्हर लोकांबद्दल मला राग नाही, उलट त्या दिवसापासून जास्त आदर वाटतो. कुर्ला स्टेशनबाहेरून १२ मीटरची बस कुणाला धक्का न लावता वळवून बाहेर काढणं हे काय काम आहे ते एकदा पुढच्या सीटवर बसून बघा. ते काका क्लचबद्दल सांगत होते ना, तेच शेवटी म्हणाले, "आम्हाला पण घरी जायचं असतं ताई, आम्हाला पण पोरं आहेत. शिकवा म्हणतो आम्ही, नाही कुठे म्हणतो."

तर कुणाला कुर्ल्याहून साकीनाका, मरोळ, अंधेरी करायचं असेल तर ३३२ जरूर घ्या, सकाळी साडेआठच्या आधी गेलात तर बसायला जागा मिळते, नंतर उभं राहायची तयारी ठेवा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर इलेक्ट्रिकच बघून घ्या, चढायला सोपी पडते. सुट्टे पैसे किंवा कार्ड जवळ ठेवा. उतरताना बस पूर्ण थांबल्याशिवाय दारात येऊ नका, लोक येतात.

बसला पाच, कंडक्टरना पाच, भाड्याला साडेतीन, देखरेखीला एक, आणि तो एक पण एमपरिवहनमुळे. सगळं मिळून पाचपैकी तीन देतेय. तो बोर्ड कुठल्या बसमधे लागलेला दिसला तर मला नक्की कळवा, त्याच दिवशी मी हे बदलून चार करीन.